ओरल्स एकदा हुकले, आता ॲक्सेंटचा क्लास लावू का?

हे पत्र अमेरिकेत काम करणाऱ्या एका मराठी भूलतज्ज्ञ बाईंचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. एमबीबीएस आणि ॲनेस्थेशियामधलं एमडी भारतात झालं, मग अमेरिकेत जाऊन पुन्हा पहिल्यापासून चार वर्षांची रेसिडेन्सी. अमेरिकन बोर्ड ऑफ ॲनेस्थेसिओलॉजीच्या, म्हणजे एबीएच्या, बेसिक आणि ॲडव्हान्स्ड या दोन्ही लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात पास. शेवटची अप्लाइड एक्झाम द्यायला नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात गेल्या, त्यातला ऑस्कीचा, म्हणजे छोट्या छोट्या स्टेशन्सवर करून दाखवायचा, भाग निघाला आणि तोंडी परीक्षा, म्हणजे एसओई, राहिली. "मला बोलूच दिलं नाही, वाक्य सुरू केलं की तोडायचे, चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती" असं त्या लिहितात. नवऱ्याचं म्हणणं की सगळा प्रॉब्लेम ॲक्सेंटचा आहे, त्याने ॲक्सेंट सुधारायच्या क्लासची चौकशीसुद्धा करून ठेवलीय. त्या स्वतः जाडजूड टेक्स्टबुक पहिल्या पानापासून परत वाचतायत. नोकरी एका प्रायव्हेट ग्रुपमध्ये, काँट्रॅक्टमध्ये ठराविक मुदतीत बोर्ड सर्टिफाइड व्हायची अट, व्हिसा एच-वन-बी. ग्रुपमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, आणि आईने तर भारतात सगळ्या नातेवाइकांना मुलगी पास झाल्याचं सांगून टाकलंय. त्यांचा प्रश्न असा: "ताई, ॲक्सेंटचा क्लास लावू, एक वर्ष थांबून नीट अभ्यास करून बसू, की हा नादच सोडून देऊ? लायसन्स तर आहेच."

तू ताई म्हटलंयस म्हणून तुला तू म्हणायचा हक्क घेते. मी बरीच वर्षं अमेरिकेतच टीचिंग हॉस्पिटलमध्ये भूल दिली आणि रेसिडेंट्सचे मॉक ओरल्स, म्हणजे सरावाच्या तोंडी परीक्षा, घेतले, एबीएची एक्झामिनर कधीच नव्हते, त्यामुळे पुढे जे लिहितेय ते टेबलाच्या आपल्या बाजूने बघितलेलं आहे.

आधी एक बारीकसं. तुला आलेले दोन प्रश्न तू पत्रात जसेच्या तसे लिहिलेत, ते मी वर घेतले नाहीत. परीक्षेतलं बाहेर सांगणार नाही असं आपण कबूल करून आत गेलेलो असतो आणि या बाबतीत बोर्ड खरंच कडक आहे, तेव्हा मॉक करताना मैत्रिणींनाही ते प्रश्न सांगत बसू नकोस. उदाहरणं मी माझीच बनवून देते.

आता निकालाकडे बघू. पत्रभर तू "मी नापास झाले" असं लिहिलंयस आणि ऑस्की पास झाल्याचा उल्लेख एकाच ओळीत, तोही "तेवढं झालं कसंबसं" अशा सुरात. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. ऑस्की २०१८ पासून आलीय, तिच्यात काय असतं ते तुला माहितीये पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, एकामागून एक छोटी स्टेशन्स असतात, काहींमध्ये पेशंट, नातेवाईक किंवा सर्जन म्हणून ट्रेन केलेले ॲक्टर्स असतात, त्यांच्याकडून कन्सेंट घ्यायची, भूल देताना काही गडबड झाली असेल तर ती समजावून सांगायची, एखादा नैतिक पेच असेल तर त्यावर बोलायचं, आणि इतर स्टेशन्सवर मॉनिटर वाचायचा, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून सांगायचं, अल्ट्रासाउंड लावून दाखवायचं. म्हणजे समोरच्या अनोळखी, घाबरलेल्या माणसाला आपलं बोलणं कळतंय का हेच तिथे बघतात. तिथे तू पास झालीस, त्याच फेरीत, त्याच तोंडाने, त्याच इंग्लिशमध्ये. ॲक्सेंटने दगा द्यायचा असता तर तिथे आधी दिला असता ना.

तेव्हा क्लासला माझा नकार. ॲक्सेंटवरून अमेरिकेत कुणी कुणाला कमी लेखत नाही असं मी म्हणणार नाही, तुलाही अनुभव असतील. पण तुझ्या निकालाचं कारण ते आहे असं तुझ्याच पत्रावरून दिसत नाही, आणि चुकीच्या कारणावर सहा महिने घालवले की खरं कारण जागच्या जागी राहतं. बोलण्यात सुधारायचंच असेल तर तीन ठिकाणी फक्त स्पीड कमी कर: औषधाचं नाव, आकडा आणि निर्णय. एफेड्रिन आणि एपिनेफ्रिन घाईत बोललं की कुणाच्याही तोंडात सारखंच ऐकू येतं. फिफ्टीन की फिफ्टी हा घोळ तर अमेरिकेत जन्मलेल्यांचाही होतो, म्हणून ओआरमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, "वन फाइव्ह", "फाइव्ह झीरो" असं म्हणतात, तेच परीक्षेत म्हण, कुणी हसणार नाही. याला क्लास लागत नाही, उद्याच्या केसपासून करता येतं.

आता तोडण्याबद्दल. तू लिहिलंयस की वाक्य पूर्ण करू दिलं नाही म्हणजे मी त्यांना आवडले नाही, उत्तर चुकत होतं म्हणून थांबवत होते. हे गृहीत जरा तपासू या. एसओईची दोन सेशन्स, प्रत्येकी ३५ मिनिटांची, प्रत्येकात दोन एक्झामिनर. एका सेशनमध्ये प्रीऑपवर, म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे, प्रश्न, दुसऱ्यात पोस्टऑपवर, म्हणजे नंतरचे, इंट्राऑप, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाचे, दोन्हीकडे, आणि शेवटी ज्याला सगळे ग्रॅब बॅग म्हणतात ते केसशी संबंध नसलेले सुटे विषय. त्यांच्या हातात विषयांची यादी असते आणि त्या वेळात ती संपवायची असते, कारण जो विषय विचारलाच नाही त्यावर मार्क देणार कसे? म्हणून त्यांना हवं ते ऐकू आलं की ते पुढे जातात. तोडलं याचा अर्थ बऱ्याचदा "कळलं, पुढे बोल" एवढाच असतो. आणि कधी कधी अर्थ असा असतो की तू प्रश्नाच्या आजूबाजूला फिरतेयस, मुद्द्यावर ये. दोन्हीपैकी काय ते चेहऱ्यावरून कळणारच नाही, कारण चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही हेच त्यांना शिकवलेलं असतं. ते चेहरे वाचायचा प्रयत्न करण्यात जी शक्ती जाते ती पेशंटसाठी ठेव.

हो, आणि "मला कडक जोडी मिळाली" हे लिहून तू खोडलंयस तरी मला वाचता आलं. तो दिलासा पण काढून घेते, सॉरी. प्रत्येक एक्झामिनर आपले मार्क स्वतंत्रपणे देतो आणि कोण कडक, कोण सैल, कुठला विषय अवघड, याचा हिशोब धरून मग स्कोअर काढतात. शंभर टक्के न्याय कुठल्याच तोंडी परीक्षेत नसतो, पण एका आठ्या घातलेल्या माणसामुळे तू गेलीस असं बहुतेक झालेलं नाही.

मग गेलीस कशामुळे? मी तिथे नव्हते, पण तू स्वतः लिहिलेल्या तीन-चार उत्तरांवरून मला एक जुनी ओळखीची सवय दिसली, आणि ती आपल्याकडून आलेल्या भरपूर हुशार डॉक्टरांमध्ये मी बघितलीय. एमडीच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारायचे, हायपोटेन्शनची, म्हणजे प्रेशर पडण्याची, कारणं सांगा, आणि आपण श्वास घेऊन सुरू व्हायचो, सर, प्रीलोड, आफ्टरलोड, काँट्रॅक्टिलिटी, रेट-रिदम, मग प्रत्येकाचे पोटप्रकार. यादी जितकी लांब तितका माणूस हुशार. सरांनी मध्येच भुवई उचलली की आपण पटकन "सॉरी सर" म्हणून उत्तर बदलायचो, कारण भुवई म्हणजे चुकलं. त्या पद्धतीने आपल्याला भरपूर ज्ञान दिलं, मी तिला नावं ठेवत नाहीये. पण एसओई ज्ञान मोजायला नाहीच, ते ॲडव्हान्स्डमध्ये मोजून झालं आणि तू त्यात पहिल्या वेळी पास झालीस. इथे बघतात की निर्णय ठीक घेतेस का, त्याच्यामागचं शास्त्र या पेशंटला लावता येतं का, परिस्थिती अचानक फिरली तर तू फिरतेस का, आणि हे सगळं दुसऱ्याला कळेल असं सांगतेस का. बोर्ड स्थापन झालं १९३८ साली आणि जवळजवळ तेव्हापासून तोंडी परीक्षा सुटलेली नाही ती याच कारणाने, या चार गोष्टी गोल काळे करून कळत नाहीत.

उदाहरण घेऊ. ऐंशी वर्षांच्या बाई, पडून खुब्याचं हाड मोडलंय, सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची एक झडप फार अरुंद झालीय, सर्जनला आज करायचंय. प्रश्न, कुठली भूल देणार, जनरल म्हणजे पूर्ण झोपवून, की स्पायनल म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन? तुझ्या पद्धतीचं उत्तर असं येईल: "इट डिपेंड्स, जनरलचे फायदे असे, स्पायनलचे फायदे तसे, स्पायनलमध्ये सिम्पथेक्टमी होते..." आणि तू जे बोलतेयस ते सगळं खरं आहे, अगदी शब्दन् शब्द खरा, फक्त एक मिनिट गेलं आणि बाई अजून टेबलावर तशाच, कुणालाच माहीत नाही तू काय करणार. त्याऐवजी: "मी जनरल देईन. इंडक्शनच्या आधी आर्टिरियल लाइन घालेन. कारण हिचा आफ्टरलोड एकदम पडला तर कोरोनरींना रक्त कमी पडेल, मला व्हॅस्क्युलर रेझिस्टन्स टिकवायचाय, सायनस रिदम टिकवायचाय आणि टॅकिकार्डिया टाळायचाय, प्रेशर वाढवणारं फेनिलेफ्रिन हाताशी तयार ठेवेन." आणि थांब. खरंच थांब, तोंड बंद ठेव. हे थांबणंच आपल्याला जमत नाही.

आता ते विचारणार, "स्पायनल का नाही?" इथे तुझी भुवईवाली सवय जागी होणार आणि तुला वाटणार की म्हणजे स्पायनल द्यायला हवी होती. अजिबात नाही. "का" विचारलं म्हणजे त्यांना कारण ऐकायचंय, बदल नको आहे. सांग की स्पायनलने फुप्फुसाला त्रास कमी, औषधं कमी, पण सिंगल शॉटमध्ये प्रेशर किती आणि किती वेगाने पडेल यावर माझा ताबा कमी, म्हणून हिला जनरल. आपल्या उत्तरावर उभी राहा. पण त्यांनी म्हटलं की "पेशंट जनरलला साफ नाही म्हणतेय", तर ही नवीन माहिती आहे, इथे अडून बसलीस तर गेलीस, इथे लगेच वळायचं: "मग कॅथेटर घालून थोडं थोडं औषध देत हळूहळू लेव्हल चढवेन, आर्टिरियल लाइन तशीच, फेनिलेफ्रिन चालू." तसंच इंडक्शननंतर, म्हणजे झोपवल्यावर, एट्रियल फिब्रिलेशन झालं, हृदयाचा ताल बिघडला, रेट दीडशे, प्रेशर साठ, तर कारणांची यादी नको, "सिंक्रोनाइज्ड कार्डिओव्हर्जन, आत्ता, सर्जनला थांबायला सांगते", म्हणजे विजेचा शॉक, हे पहिलं वाक्य, आणि कारणं नंतर, विचारली तर.

माझ्या मते या परीक्षेतलं निम्मं यश एवढ्यातच आहे: प्रश्न "का" असा आहे की "आता काय" असा आहे हे ओळखणं. पहिल्यात आपण ठाम राहतो, दुसऱ्यात लवचीक होतो, आणि तू तुझ्या पत्रावरून तरी नेमकं उलटं करतेस, का विचारलं की बदलतेस आणि पेशंट बदलला तरी जुना प्लॅन धरून ठेवतेस. गंमत म्हणजे ओआरमध्ये तू हे रोज बरोबर करत असणार, नाहीतर एव्हाना ग्रुपने तुला ठेवलं नसतं. फक्त तिथे हात चालतात आणि तोंड गप्प असतं. परीक्षेत हात नाहीत.

एखादी गोष्ट माहीत नसेल तर? माहीत नाही म्हण आणि तरी पेशंटला सांभाळ. "मला या सिंड्रोमचं सगळं आठवत नाही, पण एअरवे अवघड असू शकतो असं धरून मी जागेपणी फायबरऑप्टिक इंट्यूबेशनची तयारी करेन" हे अगदी चालणारं उत्तर आहे, अंदाजपंचे बोललेलं तीन पुढच्या प्रश्नांत उघडं पडतं. मात्र काही गोष्टी अशा आहेत की तिथे "बघून सांगते" चालत नाही, झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजेत. मॅलिग्नंट हायपरथर्मियाला, म्हणजे भुलेच्या औषधांनी अंगाचं तापमान भडकतं त्याला, डँट्रोलिन किलोला २.५ मिलिग्रॅम. नस बधिर करायच्या इंजेक्शननंतर, म्हणजे ब्लॉकनंतर, त्या बधिर करणाऱ्या औषधाची विषबाधा झाली तर २० टक्के लिपिड इमल्शन, किलोला १.५ मिली बोलस, आणि त्यात एपिनेफ्रिनचे डोस नेहमीपेक्षा छोटे, किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आत. एअरवे जमत नाही आणि मास्कनेही हवा जात नाही, तेव्हाची पुढची पायरी. बाळंतपणातला रक्तस्राव, लहान मुलाचा लॅरिंगोस्पाझम. ही यादी फार मोठी नाही, एका वहीत मावते.

म्हणून ते जाडं टेक्स्टबुक मिट. पुस्तक उघडलं की अभ्यास केल्यासारखं वाटतं आणि तोंड उघडावं लागत नाही, तेच त्याचं आकर्षण आहे. वाचायचं एका जागी मात्र आहे. तू लिहितेस की ग्रुपमध्ये बहुतेक ऑर्थो आणि जनरल सर्जरी, हार्ट नाही, लेबर फ्लोअर नाही, पाच वर्षांखालचं मूल महिनोन्महिने बघितलेलं नाही. परीक्षा या सगळ्यातून विचारणार. तेव्हा जिथे तुझे हात गंजलेत तेवढंच वाच, ऑब्स्टेट्रिक, पेडिॲट्रिक, कार्डिॲक, आयसीयू, पेन, आणि प्रत्येक विषय वाचून झाला की त्याच संध्याकाळी त्यावर एक केस मोठ्याने बोल. मनात बोललेलं धरायचं नाही, मनात सगळे पास असतात.

मोठ्याने बोलायचं कुठे आणि कुणासमोर हा खरा प्रश्न. रोज सकाळी गाडीत उद्या-परवाच्या नाही, आजच्याच पहिल्या केसचा प्लॅन एका मिनिटात मोठ्याने सांग, निर्णय आधी, कारण नंतर, आणि मग स्वतःलाच एक वाईट बातमी दे, सॅच्युरेशन पडलं, सर्जन म्हणतोय रक्त थांबत नाही, आणि त्यावर बोल. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐक. स्वतःचा आवाज ऐकणं भयंकर असतं, पहिल्या वेळी कुणालाच दोन मिनिटांच्या पुढे ऐकवत नाही, पण "इट डिपेंड्स" आणि "आय वुड लाइक टू कन्सिडर" किती वेळा येतं ते मोजलंस की बाकी कुणी सांगायची गरज राहणार नाही.

मॉक जवळच्या मैत्रिणीबरोबर एखादाच कर, बाकी सगळे अशा लोकांबरोबर की ज्यांच्यासमोर तुला जरा लाज वाटेल. तू जिथे रेसिडेन्सी केलीस त्या प्रोग्रॅमला मेल टाक, बऱ्याच ठिकाणी जुन्या रेसिडेंट्सना मॉक ओरल्सला बसू देतात, आणि तिथले अटेंडिंग्ज, म्हणजे सीनियर डॉक्टर, हे आनंदाने करतात, विचारायला लाजणारे आपणच. पैसे भरून करायचे कोर्स वाईट नसतात, त्यांचा खरा उपयोग हाच की अनोळखी माणूस घड्याळ लावून तोंडावर भाव न आणता विचारतो. तेवढं फुकट मिळत असेल तर कोर्स लागत नाही, मिळत नसेल तर घे, त्यात कमीपणा काही नाही. मराठी मित्रमैत्रिणींबरोबर फोनवर करत असाल तर पूर्ण ३५ मिनिटं इंग्लिशच, अडलं की मराठीत घसरायचं नाही, नंतरची चिरफाड मराठीत खुशाल करा.

आणि नवरा. त्याला मदत करायचीय हे दिसतंय, फक्त रस्ता चुकलाय, तर त्याला काम दे. तो डॉक्टर नाही हे उलट बरं. समोर बस, केस सांगायला लाग, आणि त्याला दोनच गोष्टी बोलायची परवानगी: "का?" आणि "पुढे". पंधरा सेकंदांत तू काय करणार हे त्याला कळलं नाही तर त्याने "पुढे" म्हणायचं, आणि एखादा निर्णय दिलास की चेहरा दगडासारखा ठेवून "का?" विचारायचं. वैद्यकीय ज्ञान शून्य असलेल्या माणसाला तुझा प्लॅन कळला तर एक्झामिनरला नक्की कळेल. ॲक्सेंटच्या क्लासपेक्षा हे स्वस्त आहे आणि भांडणं झाली तरी उपयोगाची होतील.

वर्षभर थांबू का, तर माझं मत थांबू नकोस. रेसिडेन्सी संपल्यापासून सर्टिफाइड व्हायला बोर्ड साधारण सात वर्षांची मुदत देतं, तोपर्यंत तू बोर्ड एलिजिबल, म्हणजे सर्टिफाइड व्हायला पात्र, तेव्हा गळ्याशी आलेलं नाही. पण रेसिडेन्सीपासून जितकं लांब जाशील तितके ते न बघितलेले विषय धूसर होत जाणार. दुसऱ्या बाजूने, पुढच्याच मिळेल त्या तारखेला धाडकन बसणं पण नको, कारण सवय तशीच असेल तर निकाल तसाच लागेल. चार-पाच महिने हाताशी राहतील अशी तारीख घे, आणि त्यातला बहुतेक वेळ बोलण्यात घाल. ऑस्की तुला परत द्यायची नाही, फक्त एसओई, तरी तुझ्या पोर्टलवर एकदा खात्री कर.

सोडून द्यायचं का, हा प्रश्न तू शेवटी आणि हळूच विचारलायस. कायद्याने बघितलं तर लायसन्स राज्य देतं आणि बोर्डाचं सर्टिफिकेट ऐच्छिक आहे, त्याशिवाय काम करणारे चांगले भूलतज्ज्ञ आहेत. पण बऱ्याच हॉस्पिटलांत प्रिव्हिलेजेसना, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीला, ते लागतं, तुझ्या काँट्रॅक्टमध्ये तर लिहिलेलंच आहे, आणि नोकरी बदलायची वेळ आली की दारं कमी होतात. तू दुसऱ्या क्षेत्रात जायचं म्हणत असतीस किंवा परत जायचं ठरवत असतीस तर मी वेगळं बोलले असते. तुला काम आवडतं, असं तूच चार वेळा लिहिलंयस. एका निकालाच्या रागात हा निर्णय घेऊ नकोस, एवढंच मी म्हणेन, दुसऱ्या प्रयत्नानंतर हाच प्रश्न शांतपणे परत विचार.

ग्रुपमध्ये सांग. काँट्रॅक्टमधलं ते कलम आधी नीट वाच, मुदत कधीपासून मोजतात आणि चुकली तर नेमकं काय होतं ते बघ, मग चीफला स्वतःहून सांग की एसओई राहिलीय, ऑस्की झालीय, अमुक तारखेला परत बसतेय, आणि त्याआधीच्या आठवड्यात कॉल, म्हणजे रात्री-अपरात्रीची ड्यूटी, नको. तू सर्टिफाइड आहेस की नाही हे एबीएच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं, त्यामुळे लपवून काही मिळत नाही, फक्त रोज धाकधूक. शिवाय त्या ग्रुपमध्ये कुणीतरी असा असेलच की ज्याचं पहिल्यांदा राहिलं होतं, तो न विचारता मॉक घ्यायला येईल. व्हिसाचं म्हणशील तर नुसत्या नापास होण्याने एच-वन-बीला काही होत नाही, नोकरी गेली तर होतं, म्हणून ते कलम घेऊन एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोल आणि रात्री दोन वाजता गुगल करणं बंद कर.

आईला सांगायचं अवघड आहे हे समजतं, तिने पेढे वाटलेत. पण पुढच्या परीक्षेच्या आदल्या रात्री "अगं परत कसली परीक्षा" हे समजावत बसायचं नसेल तर आताच सांग, दोन वाक्यांत, एक भाग झाला, एक राहिला, अमक्या महिन्यात देतेय. नातेवाइकांचं काय करायचं ते ती बघेल, आया त्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

परीक्षेच्या दिवसाचं थोडं. आत जायच्या आधी केस वाचायला वेळ देतात तेव्हा कागदावर याद्या लिहू नकोस, या पेशंटमध्ये मला सगळ्यात जास्त भीती कशाची आहे अशा तीन गोष्टी लिही आणि प्रत्येकीपुढे तू काय करणार ते एका ओळीत. पहिलं सेशन वाईट गेल्यासारखं वाटेल, बहुतेकांना वाटतं, चांगल्या उमेदवाराला ते अवघडात नेतात म्हणून वाटतं. दुसऱ्या खोलीतल्या जोडीला तुझं आधी काय झालं याची काही कल्पना नसते. मधल्या वेळात कुणाशी उत्तरं ताडून बघू नकोस.

आणि ज्यांचा निकाल हिच्या उलट लागलाय, एसओई पास आणि ऑस्की राहिली, त्यांनी वरचं सगळं सोडून द्या, तुमचा आजार वेगळा आहे. आपण कन्सेंट घेताना भाषण देतो. पेशंटला आधी विचारा की तुम्हाला काय माहिती आहे, कशाची भीती वाटते, मग थांबून ऐका, आणि "इंट्राऑपरेटिव्ह अवेअरनेस" (ऑपरेशन चालू असताना शुद्ध येणं) वगैरे शब्द न वापरता सांगा. काही चुकलं असेल तर सॉरी पहिल्या वाक्यात म्हणा, पाचव्या मिनिटाला नको. इको आणि अल्ट्रासाउंडची स्टेशन्स व्हिडिओ बघून निघत नाहीत, मशीन रिकामं असेल तेव्हा सहकाऱ्याच्या हातावर, मानेवर प्रोब ठेवून नसा आणि रक्तवाहिन्या ओळखा, आणि कार्डिॲकवाल्या मित्राकडून इकोचे नेहमीचे व्ह्यूज समजून घ्या, तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारा.